नैसर्गिक खाद्यपदार्थांच्या दुकानात आरोग्यदायी खरेदी कशी करावी

नैसर्गिक आणि सेंद्रिय खाद्यपदार्थांच्या दुकानात शिरताना अनेकांची सावधगिरी दाराबाहेरच राहते. एरवी बिस्किटांचा पुडा उचलताना दोनदा विचार करणारा माणूस इथे तसाच पुडा, केवळ त्याचे वेष्टन खाकी कागदाचे आहे आणि त्यावर हिरवे पान छापले आहे म्हणून, निःशंकपणे टोपलीत टाकतो. या दुकानांत चांगल्या वस्तू भरपूर मिळतात. अख्खी धान्ये, कडधान्ये, तेलबिया, ताजी भाजी यांची इतकी विविधता इतरत्र सहसा दिसत नाही. मात्र त्यांच्याच शेजारच्या फळीवर साखर, मीठ आणि तेल यांनी भरलेले पदार्थही तितक्याच सोज्ज्वळ रूपात मांडलेले असतात. म्हणून पदार्थाची पारख दुकानाच्या पाटीवर सोडून चालत नाही; ती प्रत्येक वस्तू हातात घेऊन, तिच्या मागची बारीक अक्षरे वाचूनच करावी लागते.

खरेदीला निघण्यापूर्वी

निघण्यापूर्वी दोन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : आपण रोज किंवा दिवसाआड काय खातो आणि घरात कोणाला कोणते पथ्य आहे. प्रकृतीवर परिणाम होतो तो रोजच्या जेवणातल्या धान्याचा, तेलाचा, भाजीचा आणि न्याहारीचा. महिन्यातून एकदा चिमूटभर खाल्ल्या जाणाऱ्या एखाद्या दुर्मीळ बियांनी फारसे काही साधत नाही. त्यामुळे पैसे मोजकेच असतील, तर ते रोजच्या वस्तूंवर खर्च करावेत. पथ्याची नोंद तर याहूनही महत्त्वाची आहे, कारण आरोग्यदायी म्हणून विकली जाणारी वस्तू सर्वांनाच मानवते असे नाही. उदाहरणार्थ, कमी सोडियमचे म्हणून मिळणाऱ्या मिठात सोडियम क्लोराइडच्या काही भागाऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. निरोगी माणसाला ते उपयोगी पडू शकते. परंतु ज्याला मूत्रपिंडाचा विकार आहे किंवा जो शरीरातले पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची औषधे घेत आहे, त्याच्या रक्तातील पोटॅशियमची पातळी त्या मिठामुळे धोकादायक होऊ शकते.

पाकिटाच्या दर्शनी बाजूवरचे शब्द

पाकिटाची दर्शनी बाजू विक्रीसाठी असते, हे ध्यानात ठेवून तिच्यावरचा प्रत्येक शब्द तपासावा. ‘नैसर्गिक’ हा त्यांतला सर्वांत सैल शब्द. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही त्याची औपचारिक व्याख्या नियमांत केलेली नाही. त्या संस्थेच्या जुन्या धोरणानुसार पदार्थात अपेक्षित नसलेले कृत्रिम काही घातलेले नसावे, एवढाच त्याचा अर्थ घेतला जातो. पीक कसे वाढवले, पदार्थात साखर किती आहे, तो शरीराला पोषक आहे की नाही, यांतले काहीही या शब्दावरून कळत नाही.

‘सेंद्रिय’ या शब्दामागे मात्र कायदा आणि तपासणी असते. अमेरिका आणि युरोपीय संघ या दोन्ही ठिकाणी प्रक्रिया केलेल्या पदार्थावर सेंद्रिय असल्याचे अधिकृत चिन्ह लावायचे, तर त्यातील किमान ९५ टक्के कृषिजन्य घटक प्रमाणित सेंद्रिय असावे लागतात. म्हणून नुसता शब्द न पाहता प्रमाणन करणाऱ्या संस्थेचे चिन्ह शोधावे. परंतु हे प्रमाणपत्र शेतीच्या आणि प्रक्रियेच्या पद्धतीबद्दल असते. सेंद्रिय साखरेच्या एका ग्रॅममधूनही साध्या साखरेइतकेच, म्हणजे सुमारे ४ उष्मांक मिळतात आणि सेंद्रिय बटाट्याचे तळलेले वेफर्स हे अखेर वेफर्सच असतात.

‘ग्लुटेनमुक्त’ हा दावा सिलिअ‍ॅक विकार (गव्हासारख्या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते तो) असलेल्यांसाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार असा पदार्थ म्हणवून घेण्यासाठी त्यात दर किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. ज्यांना हा विकार किंवा गव्हाची ॲलर्जी नाही, त्यांनी मात्र ग्लुटेनमुक्त पाव-बिस्किटे घेताना त्यांतला तंतूंचा (फायबरचा) आकडा जरूर पाहावा. गव्हाच्या जागी अनेकदा तांदळाचे पांढरे पीठ आणि टॅपिओकाचा स्टार्च आलेला असतो. असा पदार्थ पचनाला किंवा वजनाला उपकारक ठरेल असे मानण्यास आधार नाही. ‘बहुधान्य’ या शब्दाचीही तीच गत आहे. पाच धान्ये असली, तरी पाचही कोंडा काढून टाकलेली असू शकतात. घटकांच्या यादीत पहिलेच नाव अख्ख्या धान्याचे असेल, तरच तो शब्द खरा मानावा.

घटकांची यादी आणि पोषणमूल्यांचा तक्ता

पाकीट उलटे करून घटकांची यादी वाचणे, ही या खरेदीतली सर्वांत उपयोगाची सवय आहे. यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. जे सर्वाधिक ते पहिले. या क्रमामुळे खूप काही कळते, पण त्यात एक पळवाटही आहे. उत्पादकाने एकाच प्रकारची साखर वापरली, तर ती यादीत वर येते. तीच तीन-चार रूपांत विभागून वापरली, तर प्रत्येक रूप खाली सरकते आणि धान्याचे नाव वर राहते.

ग्रॅनोलाचे एक नमुन्याचे पाकीट घेऊ. यादी अशी : अख्खे ओट्स, उसाची सेंद्रिय साखर, सूर्यफुलाचे तेल, तांदळाचा सिरप, बदाम, मध, मीठ. पहिले नाव ओट्सचे असल्याने मन निश्चिंत होते. पण साखर, सिरप आणि मध हे तिन्ही गोडच पदार्थ आहेत आणि त्यांची बेरीज बदामांच्या कितीतरी पुढे जाते. आता तक्ता पाहू. तिथे ३० ग्रॅमच्या एका वाढणीत ७ ग्रॅम साखर लिहिली आहे. ३० ग्रॅम ग्रॅनोला म्हणजे वाटीच्या तळाशी जेमतेम पसरेल इतका. न्याहारीला वाडगा भरून घेतला, तर ७५ ग्रॅम सहज होतो आणि त्यासोबत साडेसतरा ग्रॅम, म्हणजे चार चमच्यांहून अधिक साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुक्त साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी. ती ५ टक्क्यांपेक्षाही कमी ठेवल्यास आणखी लाभ होऊ शकतो. दिवसाला २००० उष्मांक घेणाऱ्या व्यक्तीसाठी याचा अर्थ अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम असा होतो. एका वाडग्याने यातला केवढा वाटा संपवला, हे वेगळे सांगायला नको. साधे ओट्स, मूठभर अख्खे बदाम आणि एखादे ताजे फळ एवढे घेतले, तर तीच न्याहारी याहून स्वस्त आणि कितीतरी चांगली होते.

मुक्त साखर या संज्ञेत मध, सर्व प्रकारचे सिरप, फळांचा रस आणि रसाचा अर्क हे सगळे येते, ही गोष्ट नैसर्गिक दुकानात विशेष लक्षात ठेवावी. कारण तिथल्या अनेक पदार्थांचा गोडवा नेमका याच नावांनी येतो. अगेव्हचा सिरप, नारळाची साखर, खजुराचा सिरप, रसाचा अर्क यांतले काहीही साखरेच्या हिशेबातून सुटत नाही. ‘उसाचा बाष्पीभवन केलेला रस’ अशा अर्थाचे एक नाव अमेरिकेतील पाकिटांवर प्रचलित होते. ती साखरच आहे आणि ते नाव दिशाभूल करणारे आहे, असे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये उत्पादकांना स्पष्टपणे कळवले. ‘वरून साखर घातलेली नाही’ असे लिहिलेल्या पाकिटातही फळांचा अर्क आहे का, हे पाहून घ्यावे. उलट, तक्त्यातल्या एकूण साखरेत दुधाची आणि अख्ख्या फळांची अंगभूत साखरही मोजलेली असते, त्यामुळे नुसता आकडा पाहून साध्या दह्याला दोष देऊ नये. यादी आणि तक्ता एकत्र वाचले म्हणजे असा गोंधळ होत नाही.

दोन पदार्थांची तुलना करताना वाढणीचे आकडे बाजूला ठेवून १०० ग्रॅमचे आकडे पाहावेत, कारण वाढणीचे माप उत्पादकागणिक बदलते. ब्रिटनमध्ये पाकिटांवर लाल, पिवळा आणि हिरवा रंग देण्यासाठी जे निकष वापरतात, ते कुठेही कामाला येतील असे आहेत. त्यांनुसार १०० ग्रॅम पदार्थात साखर २२.५ ग्रॅमपेक्षा अधिक, संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) ५ ग्रॅमपेक्षा अधिक किंवा मीठ १.५ ग्रॅमपेक्षा अधिक असेल, तर ते प्रमाण जास्त समजले जाते. साखर ५ ग्रॅमपर्यंत, संपृक्त मेद १.५ ग्रॅमपर्यंत आणि मीठ ०.३ ग्रॅमपर्यंत असेल, तर ते कमी मानतात. हे सहा आकडे फोनमध्ये लिहून ठेवावेत. तक्त्यात मिठाऐवजी सोडियम दिलेले असेल, तर त्याला अडीचने गुणावे. प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि डबाबंद सूप, तयार सॉस, वनस्पतिजन्य बर्गर यांच्या फळीवर हा आकडा फार लवकर गाठला जातो. पाव आणि न्याहारीच्या धान्यांसाठी आणखी एक सोपा निकष आहे : दर १० ग्रॅम कर्बोदकांमागे किमान १ ग्रॅम तंतू असावेत.

नैसर्गिकपणामुळे ज्यांच्याविषयी गैरसमज होतात, अशा तीन वस्तूंचा उल्लेख इथे करणे आवश्यक वाटते. गुलाबी खनिज मीठ हे जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते. त्यातली इतर खनिजे इतकी अल्प असतात की त्यांच्यासाठी मीठ खाणे व्यर्थ आहे आणि त्यात सहसा आयोडीन घातलेले नसते. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले असलेल्या घरात आयोडीनयुक्त मीठच वापरावे. खोबरेल तेलातील ८० टक्क्यांहून अधिक मेद संपृक्त असतो, म्हणून रोजच्या स्वयंपाकाचे एकमेव तेल म्हणून ते निवडण्याचे कारण नाही. तिसरी वस्तू म्हणजे ‘नायट्राइट’ हे मांस टिकवणारे रसायन ‘न घातलेले’ सॉसेज आणि खारवलेले मांस. त्यात पुष्कळदा सेलरीची भुकटी असते. सेलरीत नायट्रेट विपुल असते आणि प्रक्रियेत जिवाणूंच्या साहाय्याने त्याचेच नायट्राइट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. सेलरीच्या भुकटीमुळे त्या मांसाला सूट मिळते असे मानू नये.

सुटा माल

या दुकानांत पैसे सत्कारणी लागण्याची जागा, माझ्या मते, सुट्या मालाच्या पिंपांची आहे. धान्ये, डाळी, बिया आणि सुकामेवा इथे हवे तेवढेच घेता येतात. वेष्टनाचे पैसे पडत नाहीत आणि घटकांची यादी एकाच शब्दाची असते. फक्त माल ताजा आहे याची खात्री करून घ्यावी. अक्रोड, सूर्यफुलाच्या बिया, जवस आणि अख्ख्या धान्याची पिठे यांत तेल असल्याने ती लवकर खवट होतात. अख्ख्या धान्याचे पीठ पांढऱ्या पिठापेक्षा लवकर बिघडते, त्याचेही कारण त्यात राहिलेल्या अंकुराचे तेल हेच आहे. शक्य असेल तिथे वास घेऊन पाहावा. जुन्या रंगासारखा किंवा उग्र तेलकट वास आला, तर ती वस्तू घेऊ नये. पिंप कधी भरले, हे विचारण्यात संकोच करू नये. असा माल थोडाथोडा घ्यावा आणि घरी फ्रिजमध्ये ठेवावा. जवस अख्खे खाल्ले, तर बरेचसे न पचता बाहेर पडते, म्हणून ते अख्खे विकत घ्यावे आणि लागेल तसे दळावे. शेंगदाणे, तीळ किंवा ग्लुटेन यांची ज्यांना ॲलर्जी वा बाधा आहे, त्यांनी मात्र पिंपांकडे न जाता बंद पाकीटच घ्यावे, कारण एकाच डावाने दहा पिंपांतला माल काढला जातो.

सुक्या जर्दाळूंची दोन पिंपे शेजारी असतील, तर थांबून पाहावे. एकातले जर्दाळू झगझगीत नारिंगी आणि मऊ दिसतात. दुसऱ्यातले काळपट तपकिरी आणि आक्रसलेले. नारिंगी रंग टिकतो तो सल्फर डायऑक्साइडमुळे. तपकिरी जर्दाळूंना तो दिलेला नसतो, म्हणून ते हवेने काळवंडतात. ते बिघडलेले नसतात, चवीला तर अधिक दाट गोड लागतात. दम्याच्या काही रुग्णांना अशा गंधकयुक्त पदार्थांमुळे (सल्फाइटमुळे) त्रास होतो आणि त्यांनी तपकिरीच निवडावेत. इतरांनी आवडीप्रमाणे घ्यावेत. सुक्या क्रॅनबेरीचे मात्र वेगळे आहे. ते फळ मुळात अतिशय आंबट असल्याने सुकवताना त्यात बहुतेक वेळा साखर किंवा रसाचा अर्क घातलेला असतो.

दूध, वनस्पतिजन्य पेये आणि कच्चे पदार्थ

वनस्पतिजन्य दुधांना एकाच मापाने मोजू नये. २४० मिलिलिटर सोयाच्या दुधात साधारण ७ ग्रॅम प्रथिने असतात, तर तेवढ्याच बदामाच्या दुधात जेमतेम १ ग्रॅम. गाईच्या दुधाऐवजी ते रोज प्यायचे असेल, तर बिनसाखरेचे आणि कॅल्शियम, ब१२ व ड जीवनसत्त्व घातलेले निवडावे. घातलेले कॅल्शियम तळाशी बसते, म्हणून डबा दर वेळी चांगला हलवून घ्यावा. एक वर्षाखालील बाळाला यांपैकी कोणतेही पेय मुख्य दूध म्हणून देऊ नये. मधही त्या वयात अजिबात देऊ नये, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. मध कच्चा आहे की गाळून तापवलेला, याने यात फरक पडत नाही.

पाश्चरीकरण न केलेले दूध, त्याचे मऊ चीज, न तापवलेले रस आणि कच्चे मोड आलेले धान्य यांना या दुकानांत अनेकदा मानाची जागा मिळते. लिस्टेरिया व साल्मोनेला हे जिवाणू आणि ई. कोलाय या जिवाणूचे घातक प्रकार याच मार्गांनी शरीरात शिरतात. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांनी या वस्तू टाळाव्यात, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मोड आलेली कडधान्ये शिजवून खाल्ली, तर प्रश्न राहत नाही.

ताजी फळे आणि भाज्या

इथे फार विचार करत बसू नये. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा सेंद्रिय अन्न अधिक पोषक असते असा भक्कम पुरावा त्यांना आढळला नाही. कीटकनाशकांचे अवशेष आढळण्याची शक्यता मात्र त्यात कमी होती. २०१४ मध्ये दुसऱ्या एका मोठ्या आढाव्यात सेंद्रिय पिकांत काही अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी आढळला. ऐपत असल्यास सालीसकट खाल्ली जाणारी फळे आणि पालेभाज्या सेंद्रिय घ्याव्यात. नसल्यास साधी भाजी घ्यावी, पण भरपूर घ्यावी. सेंद्रिय महाग पडते म्हणून भाजीच कमी आणली, तर नुकसान आपलेच होते. भाजी कोणतीही असो, वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी. साबण वापरू नये. साधी गोठवलेली भाजी पोषणात ताजीपेक्षा उणी नसते.

पूरक आहार आणि वनौषधींची फळी

या दुकानातला सर्वांत महागडा आणि सर्वांत जोखमीचा भाग हाच आहे. अन्नात फसवणूक झाली, तर बहुधा पैसे वाया जातात आणि थोडी साखर जास्त पोटात जाते. इथे चूक झाली, तर रुग्णालय गाठावे लागू शकते. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार असे पदार्थ बाजारात आणण्यापूर्वी त्यांची सुरक्षितता किंवा परिणामकारकता सरकारकडून मंजूर करून घ्यावी लागत नाही. बाटलीवरचा ‘प्रतिकारशक्तीला साहाय्यक’ असा मजकूर औषधाच्या मंजुरीसारखा वाचू नये.

वनस्पतीपासून केलेले म्हणून निरुपद्रवी, ही समजूत सेंट जॉन्स वर्ट या वनौषधीच्या उदाहरणावरून सोडून द्यावी. मन उदास असताना लोक ती घेतात. ती औषधे मोडणाऱ्या यकृतातील विकरांना (एन्झाइमांना) चालना देते आणि त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारे वॉर्फरिन, अवयवरोपणानंतर द्यावे लागणारे सायक्लोस्पोरिन यांचा परिणाम घटतो. नैराश्यावरील काही औषधांसोबत घेतली, तर सेरोटोनिन हे मेंदूतील रसायन धोकादायकरीत्या वाढू शकते. कावा ही वनौषधी आणि हरित चहाच्या तीव्र अर्काच्या गोळ्या यांमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणे नोंदलेली आहेत, मग साध्या चहाचा पेला कितीही निर्धोक असो.

जीवनसत्त्वांच्या बाबतीतही जास्त म्हणजे चांगले, हा हिशेब चालत नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीनच्या गोळ्या देऊन केलेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी वाढला होता. गाजर खाण्याने असे होत नाही. एकच घटक अर्काच्या रूपात मोठ्या मात्रेने घेणे ही वेगळी गोष्ट आहे. गरोदरपणात रेटिनॉलच्या स्वरूपातील अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. केसांसाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे रक्ताच्या काही तपासण्या, विशेषतः थायरॉइडच्या आणि हृदयविकाराचे निदान करणाऱ्या ट्रोपोनिनच्या, चुकीच्या येऊ शकतात.

काही गोळ्यांची गरज खरीच असते. प्राणिजन्य काहीही न खाणाऱ्यांना ब१२ जीवनसत्त्व बाहेरून घ्यावेच लागते. गर्भधारणेची इच्छा असलेल्या स्त्रीने आधीपासून आणि पहिले १२ आठवडे रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावे, ही शिफारस सर्वमान्य आहे. गोळ्या घ्यायच्याच असतील, तर बाटलीवर यूएसपी किंवा एनएसएफ यांसारख्या स्वतंत्र तपासणी संस्थेचे चिन्ह पाहावे. बाटलीवर लिहिलेलेच आत आहे, एवढी हमी त्यातून मिळते. गुण येईल की नाही, हे त्यावरून कळत नाही. फळीजवळचा कर्मचारी कितीही आपुलकीने बोलला, तरी त्याला आपली औषधे आणि आजार ठाऊक नसतात. म्हणून बाटलीच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून आधी डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला दाखवावेत, चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी त्यांच्यापुढे ठेवावी आणि शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर घेत असलेली प्रत्येक गोळी, काढा आणि अर्क शल्यचिकित्सकाला आणि भूलतज्ज्ञाला न विसरता सांगावा.